धावण्याची वही : सराव किती झाला, थकवा किती उरला

सप्टेंबर लागला की टेकडीवर नवे चेहरे दिसायला लागतात. जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या हाफसाठी, म्हणजे 21 किलोमीटरच्या अर्ध्या मॅरेथॉनसाठी, नाव घातलेलं असतं, मनगटावर नवं घड्याळ असतं, उत्साह तर ओसंडून वाहत असतो. दिवाळीच्या आसपास त्यातलंच कुणीतरी मला गाठून विचारतं, "ताई, घड्याळ म्हणतंय फिटनेस वाढतोय. मग पाय का उचलत नाहीत?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर स्वतःचं स्वतःला शोधता येतं. त्यासाठी महागडं काही लागत नाही. एक वही, एक पेन आणि साधी बेरीज-वजाबाकी येणारी एक एक्सेल शीट पुरते. पुढे सांगतेय ते हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या नव्या धावपटूला समोर ठेवून. सायकलिंग किंवा पोहणं करणाऱ्यांनाही ते जवळपास जसंच्या तसं लागू पडतं.

आधी कल्पना समजून घ्या

1970च्या दशकात कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात एरिक बॅनिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरावाचं गणित मांडलं. त्यांचा अभ्यास सुरू झाला जलतरणपटूंच्या सरावापासून. त्यातला गाभा असा, की एका दिवसाचा सराव शरीराला एकाच वेळी दोन गोष्टी देतो. एक म्हणजे थोडीशी क्षमता, जी हळूहळू येते आणि बरेच दिवस टिकते. दुसरी म्हणजे थकवा, जो भरपूर येतो पण लवकर ओसरतो. आज तुम्ही कसे धावाल, हे या दोहोंच्या वजाबाकीवर ठरतं.

पुढे अमेरिकेतले व्यायामशास्त्रज्ञ अँड्र्यू कॉगन यांनी सायकलपटूंसाठी हे गणित सोपं केलं. गेल्या 42 दिवसांच्या सरावाची सरासरी म्हणजे फिटनेस, गेल्या 7 दिवसांची सरासरी म्हणजे थकवा, आणि फिटनेसमधून थकवा वजा केला की उरतो तो फॉर्म. आज घड्याळांच्या आणि अ‍ॅपच्या पडद्यावर ज्या रंगीत रेषा दिसतात त्यातल्या बऱ्याचशा याच घराण्यातल्या.

म्हणजे पहिलं उत्तर इथेच मिळालं. फिटनेस आणि थकवा दोन्ही सोबतच वाढतात, आणि थकवा जास्त वेगानं वाढतो. रेष वर जाते आहे आणि पाय जड आहेत, यात विसंगती काहीच नाही. दुसरं उत्तर याहून महत्त्वाचं आहे, पण त्यासाठी आधी वही लिहायला लागायला हवं.

पहिली पायरी : दोन आकडे, रोज

रोजच्या नोंदीत दोन आकडे हवेतच. किती मिनिटं धावलात, आणि एकूण सराव किती जड गेला, 0 ते 10 मध्ये. दोहोंचा गुणाकार म्हणजे त्या दिवसाचा भार. ही पद्धत कार्ल फॉस्टर या अमेरिकन व्यायामशास्त्रज्ञाची. जड-हलक्याची मोजपट्टी मात्र त्याआधीची, स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बॉर्ग यांची.

मोजपट्टी आपल्या बोलण्यावरून लावा, म्हणजे ती रोज सारखी राहते. शेजारच्याला अख्खा किस्सा सांगत धावता आलं तर 2 किंवा 3. वाक्य पुरं होतं पण मध्ये श्वास घ्यावा लागतो, तर 4. वाक्य तुटायला लागलं की 5 ते 6. दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येत नाही, तर 7 ते 8. बोलण्याचा विचारही मनात येत नाही आणि थांबावंसं वाटतं, ते 9. दहा म्हणजे याच्यापुढे काही नाही, आणि तसं वर्षातून एखाद-दोनदाच घडावं.

आकडा धावणं संपल्यावर अर्ध्या तासानं लिहा. लगेच लिहिलात तर शेवटचा चढच डोक्यात असतो, आणि पन्नास मिनिटांच्या आरामशीर धावण्याला उगाच 7 मिळतात. मी घरी आले की आधी पाणी पिते, आंघोळ करते, चहा टाकते, आणि तो उकळेपर्यंत ओट्याशी उभं राहून वही लिहिते. वेळ बांधलेली असली की नोंद चुकत नाही.

"पण माझ्या घड्याळात हार्टरेट येतोच की!" असं बरेच जण म्हणतात. येतो, आणि त्याचा उपयोगही आहे. पण तीन ठिकाणी तो नवख्याला चकवतो. एक, मनगटावरचा सेन्सर कधीकधी नाडीऐवजी पावलांचा ताल मोजायला लागतो. मग आरामात धावताना अचानक 170 दिसतात. छातीला बांधायचा पट्टा त्या मानानं भरवशाचा. दोन, उकाडा. मे महिन्यात मुंबईच्या दमट हवेत तोच वेग ठेवला तरी ठोके चढत जातात. तीन, उतार, आणि हा सगळ्यात फसवा. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढून वर जाते आणि त्याच वाटेनं खाली येते. उतरताना हार्टरेट खाली येतो, घड्याळाला वाटतं बाई आराम करतेय. मांड्या मात्र प्रत्येक पावलाला ब्रेक लावत असतात, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं. तो मार घड्याळाला कळत नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यात तो थोडाफार तरी उतरतो.

दुसरी पायरी : चार आठवडे नुसतं लिहा

या काळात हिशेब नाही, रेषा नाहीत. जसं धावता तसं धावा आणि लिहा. सुट्टीच्या दिवशीही ओळ हवी, आणि तिथे भार 0. रिकामी ओळ आणि शून्य यांत फरक आहे. ओळ गाळलीत तर शीटच्या लेखी तो दिवस उगवलाच नाही.

एक नमुन्याचा आठवडा सांगते. सोमवार सुट्टी. मंगळवारी 45 मिनिटं इझी, आकडा 3, भार 135. बुधवारी इंटरव्हल (थोडं जोरात, मग थोडं सावकाश, असं आलटून पालटून धावणं), वॉर्मअप धरून 50 मिनिटं, आकडा 7, भार 350. गुरुवारी 40 मिनिटं इझी, भार 120. शुक्रवार सुट्टी. शनिवारी 30 मिनिटं अगदी हलकं, आकडा 2, भार 60. रविवारी लाँग रन, 110 मिनिटं, आकडा 5, भार 550. आठवड्याची बेरीज 1215, रोजची सरासरी साधारण 174.

गुणाकाराशेजारी आणखी तीन रकाने ठेवा : सकाळची नाडी, झोपेचे तास, आणि एक ओळ मोकळी. मोकळ्या ओळीत काय वाटेल ते येऊ द्या. "एकादशी, फक्त खिचडी." "गणपतीत दोन वाजता झोप." "ऑफिसात ऑडिट." "नडगी दुखली." नवरात्रात नऊ दिवस उपास करून धावणारे आमच्या गटात आहेत. त्यांच्या वहीत त्याच वाटेला, त्याच वेगाला एक-दोन आकडे जास्त पडलेले दिसतात. हे त्यांना वहीशिवाय कधी लक्षात आलं नसतं.

बायकांनी पाळीची तारीखही लिहावी. काही जणींना ठरावीक दिवसांत सगळंच जड जातं, आणि दोन-तीन महिन्यांच्या नोंदीवरून ते आधीच ओळखता येतं. पण सराव वाढल्यावर पाळी लांबायला किंवा चुकायला लागली, तर "धावल्यामुळे होतं असं" म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा धावण्याच्या मानानं खाणं कमी पडत असतं, आणि त्याची किंमत हाडं मोजतात. अशा वेळी डॉक्टरांकडे जायचं, आणि वही सोबत न्यायची.

तिसरी पायरी : दोन ओळींचं गणित

चार आठवडे झाले की 28 दिवसांच्या भाराची रोजची सरासरी काढा. तीच तुमच्या फिटनेसची आणि थकव्याची सुरुवात. शून्यापासून सुरुवात करू नका, कारण मग काहीही केलं तरी पहिला दीड महिना रेष चढतच राहते.

आता रोजचं सूत्र. आजच्या भारातून कालचा फिटनेस वजा करा, 42 नं भागा, आणि येईल ते कालच्या फिटनेसमध्ये मिळवा. झाला आजचा फिटनेस. थकव्याचंही तसंच, फक्त 42 ऐवजी 7 नं भागायचं.

हाताने एकदा करून बघा, मग कायमचं समजतं. समजा शनिवारी रात्री फिटनेस 150, थकवा 150, फॉर्म 0. रविवारी लाँग रन, भार 550. फिटनेस होतो 159.5, म्हणजे साडेनऊनं वाढला. थकवा होतो 207.1, म्हणजे सत्तावन्ननं वाढला. फॉर्म उणे 47.6. सोमवारी सुट्टी घेतली : फिटनेस 155.7, थकवा 177.5, फॉर्म उणे 21.8. मंगळवारीही सुट्टी : फिटनेस 152.0, थकवा 152.1. फॉर्म जवळजवळ शून्यावर आला, आणि फिटनेस शनिवारपेक्षा दोननं वर आहे. लाँग रनची सगळी कमाई त्या दोनात आहे, आणि ती विश्रांतीनंतर दिसायला लागली. बुधवारीही सुट्टी घेतली तर फिटनेस 148.4 वर उतरतो आणि फॉर्म अधिक 18 होतो.

नवे लोक इथे घाबरतात, "तीन दिवसांत होतं तेही गेलं!" तसं काही होत नाही. तीन दिवसांच्या विश्रांतीनं कुणाची क्षमता जात नाही. ही रेष म्हणजे तुम्ही केलेल्या सरावाची सरासरी आहे, तुमच्या हृदयाची आणि पायांची तपासणी नव्हे. 42 आणि 7 हे आकडेही सोयीचे आहेत, कुणाच्या शरीरावर कोरलेले नाहीत. पन्नाशीतल्या माणसाचा थकवा विशीतल्या मुलापेक्षा सावकाश उतरताना मी कित्येकदा पाहिलाय.

चौथी पायरी : रेषा वाचायच्या कशा

तुमचे 150 आणि शेजाऱ्याचे 150 यांची तुलना करू नका, मोजपट्टी ज्याची त्याची. फॉर्म तुमच्या फिटनेसच्या किती टक्के आहे ते पाहा. वरच्या उदाहरणात रविवारी तो उणे 30 टक्क्यांच्या आसपास गेला. लाँग रनच्या संध्याकाळी तसं होणारच. पण आठवडाभर तिथेच मुक्काम असेल तर सराव कमी करायची वेळ आली. चांगल्या चाललेल्या तयारीत तो बराच काळ उणे 10 ते 25 टक्क्यांत वर-खाली होत राहतो आणि दर तीन-चार आठवड्यांनी एकदा शून्याजवळ येतो. तो येत नसेल तर तुम्ही हलका आठवडा घेत नाही आहात, इतकाच त्याचा अर्थ.

फॉस्टर यांची आणखी एक युक्ती मला फार आवडते : एकसुरीपणा मोजायची. आठवड्याच्या रोजच्या भाराची सरासरी काढा आणि तिला प्रमाण विचलनानं (रोजचे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) भागा. एक्सेलमध्ये दोन्हीची सूत्रं तयार असतात. वरच्या नमुन्याच्या आठवड्याचं उत्तर येतं 0.85. आता दुसरा धावपटू घ्या, जो सोमवारी सुट्टी घेतो आणि बाकी सहाही दिवस 45 मिनिटं, आकडा 4, असं धावतो. त्याची बेरीज 1080, म्हणजे आधीच्यापेक्षा कमी. पण एकसुरीपणा येतो 2.27. दोनच्या वर गेलं की सावध व्हावं. नवशिक्यांचा बहुतेक सराव नेमका असा असतो : हलकं धावणं पुरेसं हलकं नसतं, त्यामुळे जड दिवस जड होऊ शकत नाही. रोज 4 लिहिणाऱ्याला मी एवढंच सांगते, चार दिवस 3 वर आण आणि एक दिवस 7 वर ने.

पाचवी पायरी : गुणाकाराआधी आकडा

आता ते दुसरं उत्तर.

पहिल्या फुल मॅरेथॉनच्या तयारीत माझी फिटनेसची रेष सलग नऊ आठवडे चढत होती. मी खूश होते. डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी उजव्या पायावर उडी मारता येईना. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाला बारीक चीर दिसली, डॉक्टर ज्याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात ती. सहा आठवडे धावणं बंद, जानेवारी हातचा गेला.

बिछान्यात पडून वही पुन्हा वाचली. मोकळ्या रकान्यात तीन ओळी होत्या, काही दिवसांच्या अंतरानं : "नडगी आतून दुखते, पळताना थांबते." "नडगी, जिन्यात." "नडगी, रात्री." आणि त्याच दिवसांत माझ्या नेहमीच्या 45 मिनिटांच्या इझी रनचा आकडा 3 वरून 4 वर आणि 4 वरून 5 वर गेला होता. वाट तीच, वेग तोच. भार मात्र 135 वरून 225 झाला. सूत्रानं तो भार इमानदारीनं सरासरीत घेतला आणि रेष आणखी वर नेली. मी मोडत चालले होते आणि शीटला ती प्रगती दिसत होती.

म्हणून त्या प्रश्नाचं पुरं उत्तर असं : दमलेल्या शरीराला तीच वाट जड जाते, जड गेली की भार वाढतो, भार वाढला की फिटनेसची रेष चढते. हार्टरेटवर चालणाऱ्या अ‍ॅपमध्येही उकाड्यानं, ताप अंगात भिनत असताना किंवा अपुऱ्या झोपेनं ठोके वाढले की हेच घडतं.

यावर उपाय सोपा आहे. गुणाकार बघायच्या आधी नुसता आकडा बघा. आठवड्यातून एक धावणं कायमचं ठरवून टाका : तीच वाट, तीच वेळ, तोच वेग. त्याचा आकडा लाल पेनानं लिहा. तो उतरत असेल तर तुम्ही खरंच सुधारताय, रेष काहीही म्हणो. तो सलग दोनदा चढला आणि उकाडा, उपास, जागरण असं कारण सापडत नसेल, तर पुढचे चार दिवस हलके घ्या. एकाच जागी बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं तीन नोंदींत आलं, तर धावणं थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखणं, चक्कर, धावताना डोळ्यांपुढे अंधारी, यांना तर तीन नोंदींचीही वाट पाहू नका.

सकाळच्या नाडीचं थोडक्यात : डोळे उघडल्यावर, उठायच्या आधी, मनगटावर दोन बोटं ठेवून पुरा मिनिट मोजा. दोन-तीन आठवड्यांत तुमचा नेहमीचा आकडा कळतो. एखाद्या दिवशी चार ठोके जास्त आले तर काही नाही. सलग दोन-तीन दिवस सहा-सात जास्त येत असतील तर काहीतरी शिजतंय : ताप, अपुरी झोप, पाण्याची कमतरता किंवा साठलेला थकवा. एचआरव्ही, म्हणजे दोन ठोक्यांमधल्या वेळेत होणारा बारीक चढउतार, मोजणाऱ्यांनी एका दिवसाच्या आकड्यामागे न लागता आठवड्याची सरासरी पाहावी.

सहावी पायरी : रेसच्या आधीचे पंधरा दिवस

टेपरमध्ये, म्हणजे रेसआधी सराव कमी करत नेण्याच्या दिवसांत, गणित सगळ्यात जास्त कामी येतं. थकवा सातच्या हिशेबानं उतरतो, फिटनेस बेचाळीसच्या. म्हणून दोन आठवडे मिनिटं साधारण निम्म्यावर आणा, पण थोडं वेगवान धावणं चालू ठेवा. आठवड्याला 275 मिनिटं धावत असाल तर 140 च्या आसपास, आणि त्यात एक छोटं इंटरव्हल. वेग पार सोडून दिला तर पाय आळसावतात.

तुमची सध्याची शीट घ्या आणि पुढच्या चौदा दिवसांचे अंदाजे भार आधीच भरून ठेवा. रेसच्या आदल्या रात्री फॉर्म थोडा अधिकमध्ये दिसायला हवा. माझा स्वतःचा अनुभव फिटनेसच्या 5 ते 15 टक्क्यांचा आहे. तुमचा किती, ते दोन-तीन रेसनंतर तुमची वहीच सांगेल. या दिवसांत फिटनेसची रेष उतरते आणि हात शिवशिवायला लागतात. शेवटच्या शनिवारी "एकदा बघूया" म्हणून कुणी बारा किलोमीटर मारून येतं, आणि दुसऱ्या दिवशी पेडर रोडच्या चढावर ते पायांत जाणवतं.

अ‍ॅप वापरायचं की नाही?

वापरा, पण वहीनंतर. इंटरव्हल्स डॉट आयसीयू आणि गोल्डन चीता पैसे न देता वापरता येतात आणि याच तीन रेषा काढून देतात. स्ट्राव्हा आणि ट्रेनिंगपीक्समध्ये त्या पैसे भरून मिळतात. एक पथ्य पाळा : मोजपट्टी अधेमधे बदलू नका. तीन महिने मिनिटं आणि आकडा, मग हार्टरेट, असं केलंत तर रेषेत जो उंचवटा दिसेल तो मोजपट्टीचा असेल, तुमचा नव्हे. आणि सायकल व धावणं दोन्ही करत असाल तर भार वेगळ्या रकान्यांत ठेवा. दोन तास सायकल चालवून हृदय दमतं, पण नडगीला धावण्यातला मार बसत नाही. बेरजेत हा फरक पुसला जातो.

रेसनंतर वही बंद करू नका. पहिले दहा दिवस तर सगळ्यात जास्त शिकवतात. थकव्याची रेष तीन-चार दिवसांतच "झालं, उठा" म्हणायला लागते, पण मांड्यांचे स्नायू तितक्यात सावरलेले नसतात. मी रेषेकडे बघत नाही. घराचा जिना कठड्याला हात न लावता उतरता आला की त्या दिवशी वीस मिनिटं, अगदी हलकं, धावायला निघते, आणि परत आल्यावर बघते की लाल पेनाचा आकडा किती पडला.